मागे राहणाऱ्यांसाठी आजच तरतूद : मृत्युपत्र आणि वारसा

खरिपाची पेरणी तोंडावर आलेली असते. विकास सोसायटीकडून पीक कर्ज घ्यावयाचे असते, बी-बियाण्याची आणि खताची जुळवाजुळव सुरू असते. आणि नेमक्या अशा वेळी घरचा कर्ता पुरुष अकस्मात निघून जातो. दिवसकार्य आटोपल्यावर त्याची विधवा पत्नी सात-बाराचा उतारा घेऊन सोसायटीत जाते, तेव्हा तिच्या ध्यानात येते की, उताऱ्यावर नाव आहे ते निवर्तलेल्या पतीचे. कित्येकदा तर त्याच्याही मागे, सासऱ्याचे. जमीन आहे, ती कसणारे हात आहेत, परंतु कागदावरचा मालक हयात नाही. कर्जाचे प्रकरण अडते, नुकसानभरपाईची यादी निघाली तर तीत नाव लागत नाही, आणि पाहता पाहता हंगाम हातचा जातो.

शहरातील चित्र याहून फारसे निराळे नाही. तेथे सात-बाराच्या जागी सदनिकेचे भागपत्र असते, बँकेतील ठेवी असतात, विम्याची पॉलिसी असते. त्या कोठे आहेत, किती आहेत, हे घरातील एकाच व्यक्तीस ठाऊक असते आणि ती व्यक्ती गेली की, उरलेली माणसे कपाटातील जुने कागद चाळत बसतात. दुःखाच्या भरात उद्भवणाऱ्या या अडचणींतूनच पुढे गैरसमज वाढतात. एका चुलीवर जेवलेली भावंडे न्यायालयाच्या आवारात समोरासमोर उभी राहतात आणि दावा निकाली निघेपर्यंत एक पिढी सरून जाते.

यातील पुष्कळसे टाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी फार मोठी संपत्ती असावी लागते असे नाही. दोन एकर जिरायत, गावठाणातील घर आणि पोस्टातील थोडी बचत एवढेच ज्याच्यापाशी आहे, त्याच्या कुटुंबाला तर या तरतुदीची गरज अधिकच असते. कारण दीर्घकाळ चालणारा दावा अशा कुटुंबास मुळीच परवडणारा नसतो. ‘मृत्युपत्र’ हा शब्द उच्चारणेच अभद्र, अशी भावना आजही अनेक घरांतून आढळते. वस्तुतः मृत्युपत्र हे मरणाचे पत्र नव्हे. मागे राहणाऱ्यांच्या जगण्याची ती सोय होय.

वारसा-कायद्याची वाटचाल

आपल्याकडील हिंदू वारसा पद्धतीचा पाया याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या टीकेत आहे. चालुक्यांच्या कल्याणी येथील राजसभेशी संबंधित असलेल्या विज्ञानेश्वराने ही टीका लिहिली. पुत्राला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क प्राप्त होतो, हे तिचे मुख्य सूत्र. पश्चिम भारतात तिच्या जोडीला नीलकंठ भट्टाचा ‘व्यवहारमयूख’ हा सतराव्या शतकातील ग्रंथही प्रमाण मानला गेला. या परंपरेत बहिणीसारख्या स्त्री-नातलगांना वारसाहक्काच्या बाबतीत इतर प्रांतांच्या मानाने काहीसे अधिक स्थान मिळाले होते. तथापि, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा मात्र नव्हता, आणि विधवेचा हक्क बहुधा पोटगीपुरताच राहत असे.

या स्थितीत पहिला मोठा बदल डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नांतून संमत झालेल्या १९३७ च्या कायद्याने झाला. त्याने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा दिला, पण तो हयातीपुरता. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय कायदेमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हिंदू संहिता विधेयकाचा पुरस्कार केला. ते विधेयक रखडल्याने १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. पुढे त्याच विचाराचा एक भाग हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या रूपाने १७ जून १९५६ रोजी अंमलात आला. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी व आई यांना त्याने पहिल्या वर्गाचे वारस म्हणून एका पंक्तीत बसविले आणि स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सेदार केले. परंतु त्या दुरुस्तीतून आधी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या होत्या. ही उणीव ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने भरून काढली. विवाहित असो वा अविवाहित, मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद, म्हणजे हिस्सेदार ठरली. त्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत काय, या प्रश्नावर मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने ते मिटविले : वडील त्या दिवशी हयात असण्याची आवश्यकता नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पूर्ण झालेल्या वाटण्यांना यामुळे बाधा येत नाही.

मृत्युपत्र नसेल तर?

मृत्युपत्र न करता व्यक्ती निवर्तली, तर तिची मिळकत कोणाला जावी हे कायदाच ठरवितो. हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, आई, प्रत्येक मुलगा व प्रत्येक मुलगी यांना समान हिस्सा मिळतो. वडील या पहिल्या वर्गात येत नाहीत. एखादा मुलगा आधीच वारला असल्यास त्याची विधवा व मुले मिळून त्याचा एक हिस्सा घेतात. दत्तक मूल हे पोटच्या मुलासारखेच वारस होय. मृत्यूच्या वेळी गर्भात असलेले मूलही जिवंत जन्मल्यास वारस ठरते. हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे.

समजा, एका नोकरदाराने स्वतःच्या कमाईतून घर बांधले. त्याच्या पश्चात पत्नी, वृद्ध आई, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी आहे. ‘बापाचे घर मुलांचे’ हा समज येथे टिकत नाही. घराचे पाच समान हिस्से होतात. पुढे आईचे निधन झाले की, तिचा पाचवा हिस्सा तिच्या स्वतःच्या वारसांकडे, म्हणजे त्या नोकरदाराच्या भावा-बहिणींकडेही जातो. ज्या घरात पत्नीने उर्वरित आयुष्य निर्धास्तपणे काढावे अशी त्याची इच्छा होती, त्या घरात आता अनेकांचे अंश आले. एक पानी मृत्युपत्राने त्याची ही इच्छा निर्वेध पार पडली असती.

बारा एकरांचा हिशेब

एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीचा हिशेब थोडा वेगळा असतो आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. उदाहरणादाखल, वडील, आई, एक मुलगा व एक मुलगी असे चौघांचे कुटुंब आणि बारा एकर वडिलोपार्जित जमीन घेऊ. वडिलांच्या निधनाच्या क्षणापूर्वी जणू वाटणी झाली, असे कायदा प्रथम गृहीत धरतो. वडील, मुलगा व मुलगी हे तिघे सहदायाद. आणि पती व मुले यांच्यात वाटणी होताना पत्नीलाही एक हिस्सा मिळतो. अशा रीतीने चौघांस प्रत्येकी तीन एकर येतात. वडिलांच्या वाट्याचे जे तीन एकर, तेवढेच त्यांच्या मागे वारसाने जातात; ते आई, मुलगा व मुलगी यांच्यात एकेक एकर वाटले जातात. परिणामी तिघांनाही प्रत्येकी चार एकर मिळतात.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, विवाहित मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. दुसरी, वडिलांना मृत्युपत्र करावयाचे असेल, तर ते बारा एकरांचे करता येत नाही. स्वतःच्या तीन एकरांपुरतेच करता येते. ‘सर्व जमीन थोरल्या मुलास द्यावी’ असे लिहून ठेवणारी अनेक मृत्युपत्रे याच कारणाने अंशतः निष्फळ ठरतात. उलटपक्षी, १९५६ नंतर वडिलांकडून वारसाने एखाद्याला मिळालेली प्रत्येक मिळकत आपोआप एकत्र कुटुंबाची होते, असेही नाही. सबब, मिळकत कशी आली याचा जुन्या फेरफार नोंदींवरून छडा लावल्याशिवाय लिहावयास बसू नये.

मुलगी, बहीण आणि हक्कसोड

कायद्याने हक्क दिला, तरी तो कागदावर उतरेपर्यंत बरेच अंतर असते. कुटुंबातील थोरल्या भावाचे एकट्याचे नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे ‘ए.कु.मॅ.’ म्हणून लावावयाचे आणि बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात ठेवावयाची, असा प्रघात दीर्घकाळ होता. त्या जुन्या नोंदी आजही अनेक उताऱ्यांवर दिसतात. अशी नोंद असली म्हणून बहिणीचा हक्क नष्ट होत नाही. मात्र जमिनीची विक्री किंवा संपादन होते, तेव्हा तिला तो सिद्ध करण्याचा खटाटोप करावा लागतो.

वडिलांच्या निधनानंतर बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीतही सर्वपरिचित आहे. माहेर तुटू नये, भाऊबीजेला हक्काने जाता यावे, या भावनेने कित्येक भगिनी सही करून देतात. असा निर्णय राजीखुशीने आणि समजून-उमजून घेतलेला असेल, तर त्यात गैर काही नाही. परंतु कागद न वाचता, ‘फक्त नाव लावण्यासाठी सही हवी’ एवढ्या भरवशावर अंगठा देणे धोक्याचे आहे. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते आणि एकदा ते झाले की, सहजासहजी फिरविता येत नाही. वडिलांनीच हयातीत मुलीसाठी काय राखून ठेवले आहे हे लिहून ठेवले, तर भावा-बहिणींवर हा अवघड प्रसंग येत नाही.

पत्नीचे नाव उताऱ्यावर यावे यासाठी महाराष्ट्रात झालेला एक प्रयत्न येथे आठवणे उचित होईल. शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. त्यास अनुसरून राज्य शासनाने १९९२ मध्ये, पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सहधारक म्हणून सात-बारावर लावण्याची सोय उपलब्ध करून दिली. पती हयात असतानाच हे घडले, तर वर वर्णिलेली पेरणीच्या तोंडावरची अडचण बव्हंशी टळते.

स्त्रीनेही मृत्युपत्र करावे

मृत्युपत्र हे पुरुषांचे काम, असा एक समज आहे. वास्तविक हिंदू स्त्रीने ते करणे अधिक अगत्याचे आहे. मृत्युपत्राविना निवर्तलेल्या विवाहित स्त्रीची मिळकत प्रथम तिची मुले व पती यांच्याकडे जाते. ते कोणी नसतील, तर पतीच्या वारसांकडे. आणि त्यांच्यानंतरच तिच्या स्वतःच्या आई-वडिलांकडे. आई-वडिलांकडून वारसाने आलेली मिळकत मात्र, मुले नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. तद्वतच पती वा सासऱ्याकडून वारसाने आलेली मिळकत पतीच्या वारसांकडे जाते.

याचा अर्थ असा की, एखाद्या निपुत्रिक विधवा शिक्षिकेने स्वतःच्या पगारातून घर घेतले आणि तिची वृद्ध आई तिच्याच आधाराने राहत असली, तरी मृत्युपत्र नसल्यास ते घर आईऐवजी दिवंगत पतीच्या नातलगांकडे जाऊ शकते. मग त्यांचा तिच्याशी वर्षानुवर्षे संबंध नसला तरीही. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये स्त्रियांनी आपले मृत्युपत्र करून ठेवावे, असे आवाहन केले आहे. दागिने, ठेवी, घर अशी जी मिळकत स्त्रीची स्वतःची आहे, तिची विल्हेवाट लावण्याचा अधिकार सर्वस्वी तिचा आहे.

मृत्युपत्र कसे करावे?

मृत्युपत्राविषयीचे मुख्य नियम भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये आहेत आणि ते सोपे आहेत. अज्ञान नसलेली व सुदृढ मनाची कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. त्याला मुद्रांक लागत नाही. साधा कागद पुरतो. भाषा कोणतीही चालते. ते हाताने लिहावे अथवा टंकलिखित करून घ्यावे. लिहिता-वाचता न येणाऱ्याने अंगठा दिला तरी चालतो. अशा वेळी मजकूर त्यास वाचून व समजावून सांगितल्याची नोंद करावी.

खरे महत्त्व आहे ते साक्षीदारांना. किमान दोन साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही आपली आहे असे त्याने त्यांच्यापाशी मान्य केलेले असावे. आणि प्रत्येक साक्षीदाराने त्याच्या समक्ष सही केलेली असावी. पुढे वाद झाल्यास, साक्षीदार हयात असेल तर निदान एकाची साक्ष न्यायालयात व्हावी लागते. म्हणून साक्षीदार वयाने लहान, विश्वासू आणि सापडण्याजोगे असावेत. ज्याला मिळकतीतून लाभ व्हावयाचा आहे, त्याने साक्षीदार होऊ नये. लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र लिहून घेण्यात पुढाकार घेतला, प्रकृती अत्यवस्थ असताना सही झाली, किंवा जवळच्या वारसाला काहीही कारण न देता वगळले, तर अशी परिस्थिती संशयास्पद मानली जाते. आणि तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्राचा आधार घेणाऱ्यावर असते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच स्पष्ट केले आहे. मृत्युपत्र करणाऱ्याचे वय बरेच असल्यास त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडणे हिताचे ठरते.

मृत्युपत्रात पुढील बाबी अवश्य असाव्यात :

१. करणाऱ्याचे पूर्ण नाव, वय, पत्ता व दिनांक. आणि यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द केल्याचा उल्लेख.

२. सर्व नातलगांची नावे. ज्याला काही द्यावयाचे नाही, त्याचाही उल्लेख व त्याचे थोडक्यात कारण.

३. मिळकतीचे नेमके वर्णन : गट क्रमांक, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, घराचा मिळकत क्रमांक, बँक व पॉलिसी यांचा तपशील.

४. घेणे-देणे. मृताचे कर्ज आधी फेडावे लागते आणि मगच वाटप होते. वारसांची जबाबदारी मात्र त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते.

५. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्या व्यवस्थापकाचे नाव. न्यायालयाच्या भाषेत यालाच एक्झिक्युटर म्हणतात.

६. अज्ञान मुलांचे संगोपन व त्यांच्या हिश्श्याची देखभाल कोणी करावी, याविषयीची इच्छा.

७. ज्याला मिळकत द्यावयाची, तो आधीच निवर्तल्यास ती कोणाला जावी याची तरतूद.

मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते आणि अखेरचे मृत्युपत्रच ग्राह्य असते. घरात विवाह, जन्म वा मृत्यू झाला, जमीन विकली अथवा घेतली, म्हणजे ते पुन्हा वाचून पाहावे. किरकोळ बदलासाठी पुरवणीपत्र करता येते. तथापि, त्यावरही दोन साक्षीदार लागतात.

शेतजमिनीबाबत विशेष दक्षता

शेतीचे मृत्युपत्र केवळ एकर-गुंठ्यांचे नसते. एका मुलाला विहिरीकडची बाजू आणि दुसऱ्याला माळाकडची बाजू दिली, पण विहिरीच्या पाण्यात कोणाचा किती हिस्सा हे लिहिले नाही, तर तंट्याचे बी तेथेच पेरले जाते. पाण्याची पाळी, विजेचा पंप व त्याचे बिल, पाइपलाइन, वहिवाटीचा रस्ता, बांधावरील झाडे, गोठा व खळे यांविषयी स्पष्ट लिहावे. शक्य तर हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडावा. जमिनीचे फार लहान तुकडे होणार नाहीत याकडेही लक्ष द्यावे. तुकडेबंदी कायद्याच्या तरतुदी आधी समजून घ्याव्यात. भोगवटादार वर्ग २ ची जमीन, कूळ कायद्याने मिळालेली जमीन अथवा शासनाने प्रदान केलेली जमीन कुटुंबाबाहेरील व्यक्तीस देण्यावर निर्बंध असू शकतात. अशा जमिनीबाबत तहसील कार्यालयात चौकशी केल्यावाचून लिहू नये.

नोंदणी आणि प्रोबेट

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. परंतु दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ते नोंदविले, तर हरविण्याची वा बदलले जाण्याची भीती राहत नाही आणि करणारा त्या दिवशी जातीने हजर होता याचा पुरावा तयार होतो. ज्याला मजकूर गुप्त ठेवावयाचा आहे, त्याला ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. तथापि, नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र निर्विवाद ठरते असे नाही, आणि नोंदणी नाही म्हणून ते बाद होते असेही नाही.

मुंबई शहरातील मृत्युपत्रांसाठी उच्च न्यायालयाचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे प्रमाणपत्र, घेणे अनेक समाजांना दीर्घकाळ बंधनकारक होते. २०२५ च्या अखेरीस संसदेने संमत केलेल्या निरसन व सुधारणा अधिनियमाने ही सक्ती काढून टाकली आहे. जेथे वारसांत वाद आहे, तेथे मात्र प्रोबेटचे महत्त्व कायम आहे. मृत्युपत्र नसल्यास ठेवी, रोखे आदींसाठी न्यायालयाकडून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागू शकते. वारस म्हणून ओळख मिळण्यासाठी १८२७ च्या मुंबई विनियम क्रमांक ८ खाली वारस प्रमाणपत्र देण्याची पद्धत महाराष्ट्रात चालू आहे. वारशाने मिळालेल्या मिळकतीवर पूर्वी जो मृत्युकर द्यावा लागे, तो १९८५ मध्ये रद्द झाला आहे.

नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे

बँकेत, विम्यात किंवा गृहनिर्माण संस्थेत नाव लावले की काम झाले, असे अनेकांना वाटते. नामनिर्देशित व्यक्ती ही सामान्यतः रक्कम वा मिळकत स्वीकारणारी विश्वस्त असते. मालक ठरतात ते वारस किंवा मृत्युपत्रातील लाभार्थी. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितले. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने आई-वडील, पती-पत्नी व मुले यांचे नामनिर्देशन असल्यास त्यांना विम्याच्या रकमेचा प्रत्यक्ष लाभ मिळण्याची सोय झाली. कंपन्यांच्या भागांबाबत डिसेंबर २०२३ च्या निर्णयाने जुनेच तत्त्व पुन्हा स्पष्ट झाले. बँक खात्यासाठी १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. नामनिर्देशन अवश्य करावे, कारण त्यामुळे रक्कम लवकर हाती पडते. पण ते आणि मृत्युपत्र यांत विसंगती नसावी.

हयातीतच देऊन टाकावे काय?

काही वडीलधारी मंडळी हयातीतच बक्षीसपत्राने मिळकत मुलांच्या नावे करतात. जवळच्या नातलगांना दिलेल्या राहत्या घराच्या व शेतजमिनीच्या बक्षीसपत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्काची मोठी सवलत आहे. परंतु हा निर्णय घेताना दूरवर पाहणे जरूर आहे. मृत्युपत्र मृत्यूनंतर अंमलात येते व तोवर मालकी स्वतःकडे राहते. बक्षीसपत्राने ती त्याच दिवशी जाते. घर नावावर करून दिल्यानंतर त्याच घरात परके झालेले आई-वडील समाजात दिसतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत ती अट मोडल्यास परत मिळविण्यासाठी न्यायाधिकरणाकडे जाता येते. म्हणून ही अट दस्तऐवजात स्पष्ट शब्दांत लिहावी.

अन्य समाज आणि गोवा

मुस्लिम व्यक्तीस, अंत्यविधीचा खर्च व कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक-तृतीयांश भागापुरतेच मृत्युपत्र सामान्यतः करता येते आणि वारसांपैकी एकाला त्यातून जादा देण्यास इतर वारसांची संमती लागते. ख्रिस्ती समाजास १९२५ चा अधिनियम लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक-तृतीयांश व मुलामुलींना उरलेला भाग समान मिळतो. विवाह झाल्यास आधीचे मृत्युपत्र रद्द होते, ही गोष्टही ख्रिस्ती बांधवांनी ध्यानी ठेवावी.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा असून, २०१२ च्या राज्य अधिनियमात वारशाचे नियम ग्रथित आहेत. तेथे विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास पती-पत्नीची मिळकत समाईक मानली जाते, आणि मुले असल्यास स्वतःच्या अर्ध्या भागापुरतेच इच्छेनुसार देता येते. उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव असतो. ज्या कुटुंबांचे विवाह व मिळकती सीमेच्या दोन्ही बाजूंस आहेत, त्यांनी दोन्हीकडील नियम पाहणे इष्ट.

मृत्यूनंतर काय करावे?

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याकडे, म्हणजे नव्या पदनामानुसार ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावी. तीसोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वये व पत्ते आणि मृताच्या जमिनीचे उतारे जोडावेत. ‘ई-हक्क’ प्रणालीवरूनही हा अर्ज करता येतो. अर्ज प्रथम गाव नमुना सहा-क या वारसा प्रकरणांच्या नोंदवहीत येतो; चौकशीअंती फेरफार नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस दिली जाते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मृत्युपत्र असेल तर त्याची प्रतही द्यावी. येथे कोणत्याही वारसाचे नाव दडवू नये. दडविलेले नाव पुढे अपिलात उभे राहते. फेरफार नोंद ही महसुली कामासाठी असते. तिने मालकीचा अंतिम निर्णय होत नाही; तो दिवाणी न्यायालयाचा अधिकार आहे.

मृत खातेदारांची नावे वर्षानुवर्षे उताऱ्यांवर तशीच राहिल्याने उद्भवणाऱ्या अडचणी ध्यानी घेऊन २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली व पुढे ती राज्यभर राबविण्यात आली. गावोगावी चावडीवर मृत खातेदारांच्या याद्या वाचून वारसांची नोंद घेण्याचे हे काम होते. परंतु मोहीम येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वारसांनी वेळेवर दिलेली साधी वर्दी तेच काम करते.

कागदाची किंमत

सर रतन टाटा यांच्या मृत्युपत्रातून १९१९ मध्ये उभ्या राहिलेल्या विश्वस्त निधीने पुढे असंख्यांना हात दिला. प्रत्येकाची मिळकत तेवढी नसते. पण प्रत्येकाच्या मागे कोणीतरी असते. ज्या आईने भावंडांना एका ताटात वाढले, तिच्या मागे त्यांनी एका बांधासाठी अबोला धरू नये, एवढे साध्य झाले तरी त्या एका कागदाचे सार्थक झाले.

सुगी संपून हाताशी थोडी उसंत असते, तेव्हा घरातील सर्वांनी एकत्र बसावे. सात-बारा, आठ-अ, घराचा उतारा, पासबुके व पॉलिसी यांची यादी करावी. उताऱ्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे असावयास हवे, हे पाहावे. पत्नी, आई व मुली यांना काय वाटते, ते विचारावे. मग शांतपणे मृत्युपत्र लिहावे, दोन भल्या माणसांसमोर सही करावी आणि ते कोठे ठेवले आहे हे एका विश्वासू व्यक्तीस सांगावे. या कामास फार तर दोन दिवस लागतील. न केल्यास लागणाऱ्या वर्षांचा हिशेब मात्र मागे राहणाऱ्यांनाच करावा लागतो.